'रन'ने माझा आठवडा खाल्ला. याचं मराठीत करायचं तरी काय?

स्वल्पविराम (प्रश्न)

नमस्कार. उपकरणांच्या माहितीपुस्तिका आणि मोबाइलची ॲप यांची भाषांतरं करणं हा माझा धंदा. अकरा वर्षं झाली. 'अद्यतन अनिवार्य आहे' असलं काहीतरी लिहूनही रात्री मला शांत झोप लागते, इतकी मी मुरलेली. पण मागच्या महिन्यात इंग्रजीतल्या तीन अक्षरी शब्दाने मला पार आडवं केलं, म्हणून लिहिते आहे.

काम ट्रेडमिलचं होतं. यंत्राची पुस्तिका आणि सोबतचं ॲप. ॲपची एक्सेल शीट आली, ६१२ ओळी. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे रिकामा रकाना. चित्र एकही नाही. कुठली ओळ कुठल्या पडद्यावर दिसणार, पत्ता नाही. त्यात कुणीतरी सगळी शीट अकारविल्हे लावून ठेवलेली, म्हणजे मागचा-पुढचा जो काही संबंध होता तोही गेला. ४३१व्या ओळीवर आले आणि तिथे होतं 'रन'. नुसतं 'रन'. त्याखाली 'रन अगेन', 'रन कम्प्लीट', 'रन टेस्ट', 'रन टाइम', मग 'रनिंग इन बॅकग्राउंड', 'रनिंग लो'.

ट्रेडमिल आहे, माणूस धावणार, यात शंका कसली? 'धावा' लिहिलं. खाली 'वॉक' आलं, त्याला 'चाला'. काम संपलं, शीट पाठवली.

आठवड्याने शीट तपासून परत आली. ४३१च्या समोर लाल अक्षरांत: 'हे यंत्र सुरू करायचं बटण असावं. चालवा असं करा.' केलं. मग चाचणीसाठी ॲप फोनवर टाकलं, तर एकाच पडद्यावर शेजारी शेजारी दोन बटणं: 'चाला' आणि 'चालवा'. इंग्रजीत एक 'वॉक' आणि एक 'रन'. म्हणजे मराठीत चालायला एक बटण आणि चालवायला दुसरं, धावायला कुठलंच नाही.

ते बदलून परत 'धावा' केलं, तर पुढचा घोळ. आकडेवारीच्या पडद्यावर 'एकूण धावा: १२'. भावाने फोन हातात घेतला आणि विचारलं, "विकेट किती गेल्या?" 'रन अगेन'चं 'पुन्हा धावा' झालं होतं, ते वाचून आई म्हणाली, "कुणाचा गं?" तिला वाटलं देवाचा धावा करायला सांगतायत. एकाच 'धावा'त आज्ञाही, धाव या शब्दाचं अनेकवचनही आणि आर्त हाकही. इंग्रजीला नावं ठेवायला बसले होते, आपलंच दुकान उघडं पडलं.

पुस्तिकेत तर 'रन'चा पूर आहे. यंत्र २२० ते २४० व्होल्टवर 'रन' होतं. पट्टा डावीकडे 'रन' होत असेल तर डावा बोल्ट घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवा. वायर यंत्राखालून 'रन' करू नका. पट्टा कमी वेगावर तीन मिनिटं 'रन' करा. पट्ट्याच्या कडेवरून बोट 'रन' करा. वंगण 'रन आउट' झालं असेल तर भरा. सलग तीन दिवस वापर नसेल तर, इथेही 'रनिंग'. आणि हमीची मुदत दोन वर्षं 'रन' होते.

मी एकेक करून चालतं, सरकतो, नेऊ नका, फिरू द्या, फिरवा, संपलं, सलग आणि राहते असं लिहिलं. आठ जागी आठ शब्द. एजन्सीचं म्हणणं, 'शब्दसूचीत एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द हवा, सुसंगती पाहिजे.' यावर त्यांना काय सांगू? आणि एका शब्दाने इतकी कामं अंगावर घेतली कशी, हेही कुणाला माहीत असेल तर सांगा. खरं तर तेच जाणून घ्यायची जास्त हौस आहे.

पळवाट

स्वल्पविरामताई, एका 'रन'ला एकच मराठी शब्द ठेवला तर काय होतं, त्याचा पुरावा माझ्या फोनमध्ये आहे. एका ॲपने मला मध्यंतरी कळवलं, 'तुमची विनामूल्य मुदत धावचीत झाली आहे.' 'रन आउट'चं शब्दसूचीत जे सापडलं ते ठोकलेलं. मला इतकं आवडलं की पैसे भरून सदस्य झालो.

कोशकीटक

वरचं हसून झालं असेल तर थोडं सविस्तर लिहितो. छपाईच्या खोलीत मुद्रितं तपासण्यात उमेदवारी गेली, तेव्हापासून कोश वाचायची खोड आहे. ती गेलेली नाही.

आधी एकाच शब्दावर इतका भार कसा आला ते पाहू. 'रन'चा मूळ अर्थ पायांनी धावणं, आणि नाक 'रन' होणं, नदी 'रन' होणं हे त्यावरून केलेलं रूपक, असं आपण धरून चालतो. तसं नाही. जुन्या इंग्रजीत हा शब्द धावण्याला होता तसाच वाहण्यालाही होता. जर्मनमध्ये ही जोडी आजही वेगळी दिसते: 'रिनेन' म्हणजे वाहणं, झिरपणं, आणि 'रेनेन' म्हणजे धावणं. इंग्रजीत दोघं एकाच घरात राहिले. त्यामुळे डोळ्यांसमोर पाय आणू नका, प्रवाह आणा. न तुटता पुढे जात राहणारं काहीतरी. मग बघा: रंग कपड्यातून 'रन' होतो, तो पसरतो. रस्ता डोंगराच्या कडेने 'रन' होतो, तो जागचा हलत नाही, पण नजर त्यावरून वाहत जाते. करार तीन वर्षं 'रन' होतो. पातळ मोज्याचा एक धागा सुटून उभी रेघ पडत जाते, तोही अमेरिकेत 'रन' (ब्रिटनमध्ये त्याला शिडी म्हणतात). पियानोवर एकामागून एक झरझर वाजवलेले स्वर 'रन', आणि पत्त्यांत ओळीने लागलेली पानंही 'रन'. या सगळ्यांत पाय कुठेही नाहीत, न तुटणारी ओळ मात्र सगळीकडे आहे.

बँकेवर 'रन' येतो तोही पाहण्यासारखा. एक ठेवीदार पैसे काढायला गेला तर तो व्यवहार. सगळे एकदम गेले, कारण सगळ्यांना वाटलं की बाकीचे जाणार, तर तो 'रन'. मराठीत आपण त्याला झुंबड म्हणतो. त्यात गर्दी दिसते, पैसा वाहून जाणं दिसत नाही. इंग्रजी शब्दात दोन्ही दिसतं.

यंत्राचा 'रन' मला सर्वांत आवडतो. इंग्रजाचं यंत्र धावतं, आपलं चालतं. घड्याळ चालतं, गिरणी चालते, पेन चालत नाही. फ्रेंच माणसाचंही यंत्र चालतंच, 'मार्शे' म्हणजे पायी चालणं आणि यंत्र चालू असणं, दोन्ही. म्हणजे तुमचं 'चाला'-'चालवा'चं भांडण फ्रेंच भाषांतरकारालाही झालं असणार. निवडणुकीत अमेरिकन उमेदवार धावतो, ब्रिटिश उभा राहतो. आपलाही उभाच राहतो, आणि पडला तर पडतो, जे उभ्या माणसाला शोभतं.

आता आकडे. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि काम पुरं व्हायला १९२८ उजाडलं. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत, वीस खंडांत, सर्वांत लांब नोंद 'सेट'ची होती: ४३० अर्थ, सुमारे ६०,००० शब्द. आपल्याकडे एखाद्या प्रबंधात इतके शब्द असतात. पुढे कोशाची नव्याने उजळणी सुरू झाली आणि २०११ साली 'रन' पुढे निघून गेला. नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ. पीटर गिलिव्हर या संपादकांना त्या एका शब्दावर नऊ महिने बसावं लागलं. तुमचा तर आठवडाच गेलाय.

आणि आपण कमी आहोत असं समजू नका. 'लागणे' घ्या. परभाषेतल्या माणसाला हे शिकवून बघा: उठायला वेळ लागला, उंबऱ्याला ठेच लागली, दार धाडकन लागलं, धावताना धाप लागली, बस फलाटाला लागली, बसल्यावर बस लागली. शेवटच्या दोन वाक्यांत शब्द तेच, पण पहिल्यात बस उभी आहे आणि दुसऱ्यात खिडकीशी बसलेल्याच्या पोटात ढवळतंय. पुढे निकाल लागला, त्यात वाट लागली, मग कुठे मुलगा मार्गी लागला. तो तुमचा कोण लागतो? पुतण्या लागतो. पैसे किती लागले? विचारू नका, मनाला लागतं. इथेही मागे एकच चित्र आहे: एक वस्तू दुसरीला जाऊन टेकते, चिकटते. मोल्सवर्थ या इंग्रजाच्या मराठी-इंग्रजी कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) ही नोंद काढून वाचा. परक्या माणसाने किती बारकाईने ऐकलंय ते कळेल.

तुमच्या एजन्सीला एवढंच विचारा: 'लागणे'साठी इंग्रजीत एकच शब्द द्या, मग मी 'रन'साठी मराठीत एक देते.

मोजपट्टी

कोशकीटक, सगळं पटलं, पण ६४५वर माझा आक्षेप आहे. अर्थ हे काही खुर्च्या नव्हेत मोजायला. 'नदी वाहते', 'नळ वाहतो', 'नाक वाहतं' हे तीन अर्थ की एक? तोडणारा संपादक असेल तर तीन, जोडणारा असेल तर एक. शिवाय त्या आकड्यात आज मेलेले अर्थही आहेत आणि 'रन अप', 'रन डाउन' असे जोडशब्दही. हातात मावणाऱ्या कोशात हाच शब्द काही डझनांत आटोपतो. शब्द तोच, सुरी वेगळी.

आकडाच हवा असेल तर मला जॉर्ज किंग्सली झिफ या अमेरिकन भाषाभ्यासकाचा जास्त भावतो. १९४५ साली त्यांनी दाखवलं की शब्द जितका वापरात, तितके त्याचे अर्थ जास्त, आणि ही वाढ साधारण वर्गमुळाच्या हिशेबाने होते. शंभरपट वापराचा शब्द, तर दहापट अर्थ. म्हणून 'रन', 'सेट', 'गेट', 'टेक' असे आखूड, रोजचे शब्द फुगतात आणि 'थर्मामीटर' आयुष्यभर एकाच अर्थावर राहतो. आपलंही तसंच. करणे, घेणे, लागणे, बसणे, उठणे. 'अधिष्ठान'चे सहाशे अर्थ कुणी करणार नाही, कारण तितक्या वेळा तो कुणी उच्चारतच नाही.

कोशकीटक

मोजपट्टी, सुरीचं मान्य. तरी एक भेद ठेवायला हवा. इंग्रजी 'बॅट' म्हणजे वटवाघूळ आणि 'बॅट' म्हणजे फळी, हे दोन वेगळ्या कुळांतले शब्द योगायोगाने सारखे दिसतात. 'रन'चं तसं नाही, तो एकच शब्द आहे आणि फांद्या त्याच्याच. दुसऱ्या प्रकाराला फ्रेंच पंडित मिशेल ब्रेआल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाव दिलं, आपण त्याला अनेकार्थता म्हणतो. अमरकोश या संस्कृत कोशाने त्याच्याही कितीतरी आधी नानार्थ शब्दांचा वेगळा वर्गच केलाय. त्यात एकट्या 'हरि'चे यम, वारा, इंद्र, चंद्र, सूर्य, विष्णू, सिंह, किरण, घोडा, पोपट, साप, माकड आणि बेडूक असे तेरा अर्थ, वर पिंगट रंग. बेडकाला हरि म्हणायची सोय असलेल्या परंपरेने 'रन'ला घाबरू नये.

तासिका

मी इंग्रजी शिकवते, तर वर्गातलं सांगते. एका मुलाने भाषांतर केलं होतं: 'बाजारात मी माझ्या जुन्या शिक्षकांवर धावून गेलो.' मूळ वाक्य 'रन इन्टू'चं, म्हणजे अचानक भेट झाली. मी वहीत लाल शाईने विचारलं, 'का रे, इतके वाईट होते का?' त्याने खाली पेन्सिलीने उत्तर लिहिलं, 'होय मॅडम.' त्याला पूर्ण गुण दिले.

तेव्हापासून मी मुलांना 'रन'चे अर्थ पाठ करायला देत नाही. शब्द झाकायला सांगते. त्यावर बोट ठेवा आणि उरलेलं वाक्य वाचा. 'तिला १०२ ताप ▢ होतोय.' 'आमची साखर ▢ आउट झाली.' 'गाडी कुत्र्याला ▢ ओव्हर करून गेली.' 'संपादकांनी बातमी पहिल्या पानावर ▢ केली.' रिकाम्या जागी मुलं आपोआप आहे, संपली, चिरडून, छापली म्हणतात. धावणं कुणाच्या तोंडात येत नाही, कारण बोटाखाली ते दिसतच नाही. पुढे काय आलंय ते बघायचं: माणूस, यंत्र, द्रव, पैसा की मुदत. आणि मागे 'आउट', 'अप', 'ओव्हर', 'डाउन' यांपैकी कोण चिकटलंय तेही. या शेपट्या अर्थ फिरवतात. बिल 'रन अप' होतं म्हणजे वाढतं, बॅटरी 'रन डाउन' होते म्हणजे उतरते, यादी 'रन थ्रू' करायची म्हणजे भरभर नजरेखालून घालायची.

यात नवीन काही नाही. संस्कृतातलं सैंधवाचं उदाहरण पुष्कळांनी ऐकलं असेल. सैंधव म्हणजे मीठही आणि घोडाही. 'सैंधव आण' असं जेवताना म्हटलं तर मीठ, बाहेर निघताना म्हटलं तर घोडा. भर्तृहरी या व्याकरणकाराने तर प्रसंग, स्थळ, काळ, शेजारचा शब्द अशी अर्थ ठरवणाऱ्या गोष्टींची यादीच दिली आहे. स्वल्पविराम, तुमच्या एक्सेलने नेमकं हेच सगळं काढून घेतलं. ४३१व्या ओळीत कुणीतरी 'सैंधव' एवढंच लिहून ठेवलंय, जेवण चाललंय की निघायची घाई आहे ते सांगितलेलं नाही.

उपडा घडा

'रन'चं इतकं कौतुक कशाला? 'ऑफ' बघा. गजर 'गोज ऑफ' म्हणजे वाजायला लागतो. दिवे 'गो ऑफ' म्हणजे बंद होतात. दूध 'गोज ऑफ' म्हणजे नासतं. गजर सुरू होतो आणि दिवे बंद होतात, शब्द मात्र तोच. मी इंग्रजी तिथेच सोडली.

अर्धाकोड

मी पलीकडच्या बाजूचा, म्हणजे ॲप लिहिणारा. स्वल्पविराम, तुमच्या शीटमधली चूक भाषांतरात नाही, आमच्यात आहे.

होतं काय, सांगतो. कोड लिहिताना पडद्यावरचा प्रत्येक मजकूर एका किल्लीला बांधायचा असतो. आळशी माणूस, म्हणजे मी, 'रन' हा शब्द चार ठिकाणी लागला तर एकच किल्ली चारही ठिकाणी लावतो. इंग्रजीत चारही जागी 'रन' बरोबरच दिसतं. एकीकडे ते क्रियापद, एकीकडे नाम, तिसरीकडे यंत्राला आज्ञा, चौथीकडे यादीचं शीर्षक. मराठीत मात्र या चारांना चार शब्द हवेत आणि तुमच्या हातात रकाना एकच. तुम्ही काहीही लिहा, तीन ठिकाणी चुकणार. 'धावा' लिहिलंत तेव्हा बटण बरोबर आणि आकडेवारी चूक. 'चालवा' लिहिलंत तेव्हा चाचणी बरोबर आणि बटण चूक. तपासणाऱ्याने लाल शाई वापरली, पण पडदा त्यानेही पाहिलेला नसणार. 'असावं' लिहिलंय म्हणजे अंदाजच.

यावर औषध आहे आणि ते जुनं आहे. 'गेटटेक्स्ट' नावाची व्यवस्था पुष्कळ प्रकल्प वापरतात, तिच्यात प्रत्येक ओळीला संदर्भाची चिठ्ठी लावायची सोय असते. त्यामुळे एकच इंग्रजी शब्द दोन वेगळ्या चिठ्ठ्यांनी दोन वेगळ्या नोंदी होतो. चिठ्ठी लावायला अर्धं मिनिट लागतं. आम्ही लावत नाही, कारण आमच्या डोळ्यांसमोर पडदा असतो आणि तुमच्या नसतो, हे आमच्या लक्षातच येत नाही.

तेव्हा एजन्सीशी सुसंगतीवरून वाद घालू नका. त्यांना लिहा की ओळ ४३१ ची किल्ली किती ठिकाणी वापरली आहे ते कळवा, प्रत्येक ठिकाणचं पडद्याचं चित्र द्या, आणि ती तोडून वेगळ्या किल्ल्या करा. 'तोडा' हाच शब्द वापरा. आमच्या लोकांना 'संदर्भ' म्हटलं की झोप येते, 'किल्ली तोडा' म्हटलं की कामाचं वाटतं.

आकड्याच्या ओळींकडेही बघून घ्या. '१ रन', '३ रन्स' अशा जागी मराठीत एकवचन-अनेकवचनाचे दोन वेगळे रकाने मिळायला हवेत. एकच दिला असेल तर तेही मागा.

एक शंका मात्र आहे. 'धाव' नकोच असेल तर त्या नामाला तुम्ही काय घेणार? 'सत्र' लिहू नका. सत्र म्हटलं की मला अधिवेशन आठवतं.

पळवाट

'फेरी' घ्या की. शेवटची फेरी, तीन फेऱ्या, फेरी पूर्ण. चालणाऱ्यालाही चालते.

मोजपट्टी

फेरी म्हणजे माणूस कुठेतरी जाऊन परत येतो. ट्रेडमिलवर तो जागेवरच.

पळवाट

पण पट्टा फिरतोच की. माणसाची नको, पट्ट्याची धरा फेरी.

स्वल्पविराम (प्रश्नकर्ती)

सगळ्यांचे आभार. तासिकांची बोट ठेवायची युक्ती पुस्तिकेवर करून पाहिली. आठपैकी सात जागी माझेच शब्द परत आले, तेव्हा ते तसेच ठेवलेत. एका जागी मात्र बदल केला. 'पट्टा कमी वेगावर तीन मिनिटं फिरू द्या' असं लिहिलं होतं, पण बोटाखालून आतून 'चालू ठेवा' असं येत होतं. त्याच पानावर वर 'यंत्र चालू करा' आहे, म्हणून 'फिरता ठेवा' केलं. अर्धा तास गेला त्यात. कुणाला कळणारही नाही.

एजन्सीला 'लागणे'ची यादी पाठवली. उत्तर आलं नाही, पण शब्दसूचीत 'रन'समोर आता 'संदर्भानुसार' असं लिहिलंय. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

अर्धाकोड म्हणाले तसंच निघालं. ४३१ची किल्ली पाच ठिकाणी होती, चार नव्हे. तोडून मागितली, चार चित्रं आली. 'वॉक'च्या शेजारचं बटण 'धावा' राहिलं. एकटं उभं असलं आणि शेजारी 'चाला' असलं की क्रिकेटही आठवत नाही आणि देवही नाही, शेजाराचाच गुण. यंत्राची स्वतःची तपासणी 'चाचणी घ्या' झाली, त्यात 'रन' उरलाच नाही आणि काही अडलंही नाही. यादीचं शीर्षक 'फेऱ्या', एकाला 'फेरी'. मोजपट्टींचा आक्षेप पटलाय तरी घेतलंय, कारण आईला वाचून दाखवलं आणि तिने काहीच विचारलं नाही. 'रन अगेन' म्हणून 'आणखी एक फेरी'. 'रनिंग लो' बॅटरीचं निघालं, ते 'बॅटरी उतरत आली'.

पाचव्या जागेचं चित्र मात्र आलं नाही. विचारलं तर म्हणाले, तो पडदा ज्याने लिहिला तो सोडून गेलाय आणि तिथे कसं पोचायचं ते आता कुणालाच सापडत नाहीये. अर्धाकोड, अशा वेळी तुमच्याकडे काय करतात?

अर्धाकोड

इंग्रजीच ठेवतात. 'रन' लिहा देवनागरीत. कुणी तिथे पोचलंच, तर त्याला काय करायचंय ते त्याला आमच्यापेक्षा जास्त माहीत असेल.